तरुण प्रौढांतील कर्करोग : शासकीय उपाययोजना

साधारणतः १५ ते ३९ वर्षे या वयोगटातील व्यक्तींना होणाऱ्या कर्करोगांचा प्रतिबंध, त्यांचे लवकर निदान, उपचार व उपचारोत्तर पुनर्वसन यांसाठी निरनिराळ्या देशांच्या शासनांनी योजलेले उपाय. कर्करोग हा मुख्यत्वे उतारवयातील रोग आहे. बालकांमधील कर्करोग तुलनेने विरळ असले, तरी त्यांच्यासाठी स्वतंत्र चिकित्साशाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाली. या दोहोंच्या मधल्या वयातील रुग्णांकडे मात्र निराळा वर्ग म्हणून पाहिले गेले नाही. या उणिवेची शासकीय पातळीवर दखल एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी घेतली गेली.

व्याप्ती व स्वरूप : या वयोगटाच्या मर्यादा सर्वत्र सारख्या नाहीत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १५ ते ३९ वर्षे, ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वर्षे आणि इंग्लंडमध्ये किशोरावस्थेपासून २४ वर्षांपर्यंतचे रुग्ण या वर्गात धरले जातात. पहिली मर्यादा रोगाचे स्वरूप व संशोधनाची सोय लक्षात घेऊन, तर उरलेल्या दोन मुख्यतः रुग्णसेवेच्या संघटनेच्या दृष्टीने ठरविलेल्या आहेत. २०१९ मध्ये जगात १५ ते ३९ वर्षे वयाच्या सु. ११.९ लक्ष व्यक्तींना नव्याने कर्करोग झाला आणि सु. ३.९६ लक्ष व्यक्ती त्याने मृत्यू पावल्या, असा अंदाज आहे. लोकसंख्येच्या मानाने नव्या रुग्णांचे प्रमाण संपन्न देशांत सर्वाधिक, तर मृत्यूचे प्रमाण मध्यम व निम्न-मध्यम विकासाच्या देशांत सर्वाधिक आढळते. यावरून या वयात रोग होणे आणि रोगाने दगावणे या दोन गोष्टींचा परस्परसंबंध पुष्कळ अंशी उपचारांच्या उपलब्धतेवर अवलंबून असतो, हे स्पष्ट होते.

वयानुसार कर्करोगाचे प्रकारही बदलत जातात. किशोरवयाच्या अखेरीस श्वेतकोशिकार्बुद, हॉजकिन रोग व अस्थींचे सार्कोमा अधिक आढळतात. विशीमध्ये वृषण, अवटू ग्रंथी व त्वचा (मेलॅनोमा) यांचे, तर तिशीमध्ये स्तन, गर्भाशय ग्रीवा व मोठे आतडे यांचे कर्करोग वाढू लागतात. भारतात यांत मुखाच्या कर्करोगाची भर पडते. पहिल्या गटातील बहुतेक रोगांची कारणे अज्ञात असल्यामुळे त्यांचा प्रतिबंध शक्य नसतो. त्यांच्या बाबतीत योग्य ठिकाणी व वेळेवर उपचार हाच उपाय होय. ग्रीवा, त्वचा व मुख यांच्या कर्करोगांना मात्र शासकीय धोरणाने मोठ्या प्रमाणावर आळा घालता येतो. या वयोगटासाठीच्या उपाययोजनांचे दोन स्वतंत्र प्रवाह दिसतात, त्याचे कारण हेच आहे.

दोन चिकित्साशाखांमधील दरी : एकाच रोगाचा सतरा-अठरा वर्षांचा रुग्ण बालरोग विभागात दाखल होतो की प्रौढांच्या विभागात, हे अनेकदा त्याला प्रथम तपासणाऱ्या वैद्याच्या निर्णयावर अवलंबून असे. या योगायोगाचा परिणाम किती गंभीर असतो, हे तीव्र लसीकाकोशिकीय श्वेतकोशिकार्बुदाच्या अभ्यासावरून कळून आले. फ्रान्समध्ये १५ ते २० वर्षे वयाच्या रुग्णांची तुलना करण्यात आली. बालकांसाठीच्या उपचारक्रमानुसार चिकित्सा मिळालेल्यांपैकी ६७ टक्के, तर प्रौढांच्या उपचारक्रमानुसार चिकित्सा मिळालेल्यांपैकी ४१ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर रोगमुक्त स्थितीत होते (२००३). अमेरिकेतील १६ ते २० वर्षे वयाच्या रुग्णांच्या अशाच तुलनेत सात वर्षांनंतरचे हे प्रमाण अनुक्रमे ६३ व ३४ टक्के आढळले (२००८). दोन्ही विभागांत वापरली जाणारी औषधे बहुतांशी तीच होती. तथापि बालकांच्या उपचारक्रमात स्टेरॉइडे, व्हिंक्रिस्टीन व ॲस्पॅरॅजिनेज यांच्या मात्रा अधिक होत्या, मेंदू व मेरुरज्जूतील रोगप्रसार रोखणारे उपचार लवकर सुरू केले जात आणि ठरलेले वेळापत्रक काटेकोरपणे पाळले जाई. यानंतर अमेरिकेत बालकांचा उपचारक्रम ३९ वर्षांपर्यंतच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आला (२००७–१२). त्यांपैकी ७३ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर जिवंत होते. नवे औषध न शोधता केवळ सेवेची रचना बदलून प्राण वाचविता येतात, हे या अभ्यासांनी दाखवून दिले. शासकीय हस्तक्षेपाचे समर्थन करणारा हा सर्वांत सबळ पुरावा ठरला.

निदानास होणारा विलंब ही दुसरी अडचण आहे. या वयात कर्करोगाची शंका रुग्णास येत नाही आणि पुष्कळदा वैद्यासही येत नाही. गुडघ्याचे दुखणे खेळातील इजेमुळे, मानेतील गाठ जंतुसंसर्गामुळे, तर गुदमार्गे होणारा रक्तस्राव मूळव्याधीमुळे होत असावा, असे गृहीत धरले जाते. शिक्षण, नोकरी वा स्थलांतर यांमुळे या वयातील व्यक्तींना नेहमीचा वैद्य नसतो. आरोग्य विमा नसणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक असते.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीत १९३७ च्या अधिनियमान्वये राष्ट्रीय कर्करोग संस्था स्थापन झाली. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २३ डिसेंबर १९७१ रोजी स्वाक्षरी केलेल्या राष्ट्रीय कर्करोग अधिनियमाने तिचे अधिकार व निधी पुष्कळ वाढले. बालकांच्या कर्करोगावरील सहकारी संशोधनाला या व्यवस्थेचा मोठा लाभ झाला. चिकित्सीय चाचण्यांत सहभागी होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण बालकांमध्ये सर्वाधिक, तर विशीतील रुग्णांमध्ये अत्यल्प राहिले.

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग यांना १९९६ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी वृषणाचा कर्करोग झाला होता. त्यांनी १९९७ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाच्या सहकार्याने राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००५-०६ मध्ये एक आढावा समिती नेमली. या समितीने ऑगस्ट २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालात १५ ते ३९ वर्षे ही वयोमर्यादा निश्चित केली. बालके व वृद्ध यांच्या जीवितमानात १९७५ नंतर झालेली सुधारणा या वयोगटात दिसत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. या वयातील रोगांच्या जैव वैशिष्ट्यांचा शोध, वैद्य व जनता यांचे प्रशिक्षण, संशोधनाची साधने, सेवेचा दर्जा आणि रुग्णांना आधार या पाच बाबींवर तिने शिफारशी केल्या. या निष्कर्षाला पुढे एक महत्त्वाची मर्यादा घालावी लागली. १९८० ते २००० या काळात एड्सग्रस्त तरुणांना होणाऱ्या कापोसी सार्कोमा व लसीका ऊतकाच्या कर्करोगांमुळे या वयोगटाची एकूण आकडेवारी खालावली होती व त्यामुळे अन्य कर्करोगांतील सुधारणा झाकली गेली होती, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणावरून दिसून आले. स्तन, ग्रीवा, अस्थी इत्यादींच्या काही कर्करोगांत मात्र प्रगती खरोखरच मंद होती.

काँग्रेसने संमत केलेल्या अधिनियमांपैकी २०१० च्या आरोग्यसेवाविषयक अधिनियमाचा परिणाम सर्वांत व्यापक झाला. त्यानुसार अपत्यांना २६ वर्षे पूर्ण होईपर्यंत आईवडिलांच्या आरोग्य विम्याचे संरक्षण मिळू लागले आणि २०१४ पासून पूर्वीच्या आजाराचे कारण दाखवून विमा नाकारण्यास मनाई झाली. यानंतर २१ ते २५ वर्षे वयाच्या स्त्रियांतील ग्रीवेच्या कर्करोगाचे निदान प्राथमिक अवस्थेतच होण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. याच अधिनियमात तरुण स्त्रियांतील स्तनाच्या कर्करोगाविषयी लोकशिक्षण करण्याची तरतूद समाविष्ट करण्यात आली. तिच्या पुरस्कर्त्या, फ्लॉरिडातील काँग्रेस सदस्या डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना स्वतःला वयाच्या ४१ व्या वर्षी हा रोग झाला होता. बालके, किशोर व तरुण प्रौढ यांच्या कर्करोगासंबंधी २०१८ मध्ये संमत झालेल्या अधिनियमाने संशोधनासाठी व बऱ्या झालेल्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी दरवर्षी तीन कोटी डॉलरपर्यंत खर्चास मान्यता दिली. औषधांच्या नियंत्रण प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये १२ ते १७ वर्षे वयाच्या रुग्णांना योग्य त्या प्रौढांच्या चाचण्यांत सामावून घेण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चाचण्यांच्या प्रवेशासाठी अठरा वर्षांची अट बहुधा केवळ प्रथेने घातली जात होती.

ग्रेट ब्रिटन : किशोरवयीन रुग्णांसाठीचा पहिला स्वतंत्र रुग्णकक्ष लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात १९९० मध्ये एका धर्मादाय न्यासाच्या साहाय्याने उघडण्यात आला. शासकीय धोरणात ही कल्पना ऑगस्ट २००५ मधील राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमुळे आली. त्यांनुसार १६ ते १८ वर्षे वयाच्या रुग्णांवर या वयासाठी मुक्रर केलेल्या प्रमुख उपचार केंद्रातच उपचार व्हावेत आणि १९ ते २४ वर्षे वयाच्या रुग्णांना अशा केंद्राची निवड करण्याची मोकळीक असावी, असे ठरले. प्रत्येक रुग्णाचा विचार दोन तज्ञगटांनी करावयाचा असतो : एक रोगाच्या प्रकाराचा जाणकार व दुसरा रुग्णाच्या वयाचा. दुसऱ्या गटात परिचारिका, समाजसेवक, मानसशास्त्रज्ञ व युवक कार्यकर्ते असतात. शिक्षण चालू ठेवणे, एकाकीपणा कमी करणे व औषधे नियमितपणे घेण्यास प्रवृत्त करणे ही त्यांची कामे होत. येथील सार्वजनिक आरोग्यसेवा मोफत असल्यामुळे प्रश्न पैशाचा नसून संघटनेचा होता. मोठ्या केंद्रापासून दूर राहणाऱ्या तरुणाला घराजवळचे परिचित रुग्णालय हवे की दूरचे तज्ञ केंद्र, हा पेच मात्र या व्यवस्थेतही पूर्णपणे सुटलेला नाही.

ऑस्ट्रेलिया : येथील सिनेटच्या समितीने २००५ मध्ये तरुण रुग्णांच्या उपेक्षेकडे लक्ष वेधले. पुढे संघीय शासनाने निधी दिल्यावर २००८ पासून ‘कॅनटीन’ या युवक संघटनेच्या साहाय्याने राष्ट्रीय सेवाजाल उभारण्यात आले. सिडनी, मेलबर्न, ब्रिझ्बेन, ॲडिलेड व पर्थ येथील प्रमुख केंद्रे आपापल्या भागांतील रुग्णालयांना मार्गदर्शन करतात. विरळ वस्तीच्या देशात प्रत्येक गावी तज्ञ ठेवणे अशक्य असल्याने रुग्णाऐवजी ज्ञानानेच प्रवास करावा, हे या रचनेमागील सूत्र आहे.

गोऱ्या वर्णाची लोकसंख्या व प्रखर सूर्यप्रकाश यांमुळे ऑस्ट्रेलियात मेलॅनोमाचे प्रमाण फार मोठे आहे. अंगभर कपडे, त्वचारक्षक मलम व टोपी यांचा प्रचार करणारी मोहीम व्हिक्टोरिया राज्यात १९८१ मध्ये सुरू झाली. कृत्रिम जंबुपार किरणांनी त्वचा सावळी करून घेण्याची सवय तिशीपूर्वी लागल्यास मेलॅनोमाचा धोका सु. ७५ टक्क्यांनी वाढतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दाखविले व २००९ मध्ये अशा उपकरणांचा मानवी कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात समावेश केला. ब्राझीलने त्याच वर्षी या उपकरणांवर बंदी घातली. ऑस्ट्रेलियातील राज्यांनी त्यांच्या व्यापारी वापरावर २०१५ च्या सुमारास बंदी आणली.

ग्रीवेच्या कर्करोगाचा प्रतिबंध : तरुण स्त्रियांच्या कर्करोगाविरुद्ध शासनांनी केलेल्या प्रयत्नांत सर्वांत निश्चित यश या क्षेत्रात मिळाले आहे. या कर्करोगाचे कारण असलेल्या मानवी पॅपिलोमा व्हायरसाविरुद्धची लस २००६ मध्ये उपलब्ध झाली. एप्रिल २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाने व २००८ मध्ये ब्रिटनने शाळांमधून मुलींना ती देण्यास प्रारंभ केला. पुढे मुलांचाही समावेश झाला. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत ग्रीवेच्या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये आढळले. स्कॉटलंडमध्ये त्याच वयात लस घेतलेल्या स्त्रियांत या रोगाचा एकही रुग्ण नोंदला गेला नव्हता (२०२४). याउलट, जपानमध्ये एप्रिल २०१३ मध्ये नियमित लसीकरण सुरू झाले. परंतु दुष्परिणामांच्या तक्रारींवरून शासनाने दोनच महिन्यांत सक्रिय शिफारस मागे घेतली व सु. ७० टक्क्यांवर गेलेले लसीकरणाचे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले. ही शिफारस एप्रिल २०२२ मध्ये पूर्ववत झाली. मधल्या नऊ वर्षांतील मुलींसाठी मागाहून लस घेण्याची सोय करावी लागली.

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये या रोगाच्या उच्चाटनाचे धोरण जाहीर केले. त्यानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापूर्वी लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी व ९० टक्के रुग्णांवर उपचार ही उद्दिष्टे ठरविण्यात आली आहेत.

लवकर निदान : निरोगी व्यक्तींची सामूहिक तपासणी तरुण वयात नेहमीच हितकारक ठरत नाही. या वयात स्तनांचे ऊतक दाट असल्याने क्ष-किरण तपासणीत गाठ सहज दिसत नाही. ग्रीवेतील प्रारंभिक बदल तरुण स्त्रियांत पुष्कळदा आपोआप नाहीसे होतात, तर त्यांवर केलेल्या उपचारांमुळे पुढे अकाली प्रसूतीचा संभव वाढू शकतो. यामुळे इंग्लंडने २००४ मध्ये ग्रीवेच्या तपासणीचे किमान वय २० वरून २५ वर्षे केले. दुसरीकडे, पन्नाशीच्या आतील व्यक्तींत मोठ्या आतड्याचा कर्करोग १९९० नंतर वाढत असल्याचे दिसल्यावर अमेरिकेतील अधिकृत तज्ञमंडळाने मे २०२१ मध्ये त्याच्या तपासणीचे वय ५० वरून ४५ वर्षांवर आणले. त्याहून तरुण व्यक्तींच्या बाबतीत लक्षणांविषयी वैद्यांची जागरूकता व कुटुंबातील आनुवंशिक दोषांचा शोध हेच मार्ग उरतात.

उपचारोत्तर जीवन : पंचविसाव्या वर्षी बरा झालेला रुग्ण आणखी चाळीस-पन्नास वर्षे जगण्याची शक्यता असते. त्यामुळे जननक्षमता, शिक्षण, नोकरी व पत या गोष्टींना या वयात विशेष महत्त्व येते. काही औषधे व प्रारण चिकित्सा यांमुळे अंडकोश व वृषण कायमचे निकामी होऊ शकतात. उपचारांपूर्वी अंडी वा शुक्राणू गोठवून ठेवणे शक्य असते; परंतु त्यासाठी हाती थोडेच दिवस असतात आणि खर्च मोठा असतो. अमेरिकेतील कनेक्टिकट व ऱ्होड आयलंड या राज्यांनी २०१७ मध्ये हा खर्च विम्यातून देण्याचे बंधन घातले. जपानने २०१८ च्या राष्ट्रीय योजनेत तरुण रुग्णांचा स्पष्ट उल्लेख केला व एप्रिल २०२१ पासून ४३ वर्षांखालील रुग्णांना जननक्षमता रक्षणासाठी अनुदान सुरू केले.

फ्रान्समधील ‘विस्मृतीचा हक्क’ ही या क्षेत्रातील अभिनव विधिव्यवस्था होय. पूर्वी बरा झालेला रुग्ण घरासाठी कर्ज मागू लागला, की त्यासाठी लागणारा विमा त्याला जबर हप्त्याने मिळे किंवा मिळतच नसे. २०१६ च्या कायद्याने उपचार संपल्यावर ठराविक मुदतीनंतर जुना रोग विमा कंपनीस न सांगण्याचा हक्क मिळाला. ही मुदत सर्वसाधारणतः दहा वर्षे, तर लहान वयात झालेल्या रोगासाठी पाच वर्षे होती. फेब्रुवारी २०२२ च्या कायद्याने ती सर्वांसाठी पाच वर्षे करण्यात आली. बेल्जियम, नेदर्लंड्स, पोर्तुगाल इ. देशांनीही असे कायदे केले आहेत.

भारत : मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. ते १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे सोपविण्यात आले. देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम हाती घेतल्यावर १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे पहिले ग्रामीण नोंदणी केंद्र स्थापन झाले. राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६ मध्ये आखण्यात आला व २०१० मध्ये तो असंसर्गजन्य रोगांच्या व्यापक कार्यक्रमात विलीन झाला. या कार्यक्रमातील मुख, स्तन व ग्रीवा यांची तपासणी तिसाव्या वर्षापासून पुढे होते. त्याखालील वयाच्या व्यक्तींचा प्रत्यक्ष संबंध प्रामुख्याने तंबाखूनियंत्रण व लसीकरण यांच्याशीच येतो.

मुखाचा कर्करोग तरुणपणी होण्याचे मूळ शाळकरी वयात लागलेल्या तंबाखूच्या व्यसनात असते. २००३ च्या अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तींना, तसेच शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई केली. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटखाबंदी लागू झाली, तर २०१९ मध्ये देशभर इलेक्ट्रॉनिक सिगारेटींवर बंदी आली. राष्ट्रीय पाहणीनुसार १५ ते २४ वर्षे वयोगटातील तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० मध्ये १८.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये १२.४ टक्के झाले. बंदी असलेल्या मालाची चोरटी विक्री हा अंमलबजावणीतील मोठा अडथळा आहे.

ग्रीवेच्या कर्करोगावरील लशीचा भारतातील इतिहास बोधप्रद आहे. आंध्र प्रदेश व गुजरात येथील प्रायोगिक लसीकरण काही मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये थांबविण्यात आले. हे मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत आढळले नाही. तथापि पालकांची संमती घेण्याच्या पद्धतीतील दोषांवर संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक टीका केली. लशीच्या दोन व तीन मात्रांची तुलना करण्यासाठी मुंबई, पुणे, बार्शी इ. ठिकाणी चाललेला स्वतंत्र अभ्यासही त्याच वेळी स्थगित झाला. परिणामी सु. ५,००० मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी सर्व मुलींचा पाठपुरावा पुढे चालू ठेवला. एका मात्रेनेही सु. ९५ टक्के संरक्षण मिळते, असे २०२१ मध्ये दिसून आले. या व अशा अन्य पुराव्यांवरून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेच्या पर्यायास मान्यता दिली, त्यामुळे गरीब देशांचा खर्च पुष्कळ कमी झाला. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांमधून हे लसीकरण यशस्वी करून दाखविले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लशीस जुलै २०२२ मध्ये अनुमती मिळाली, तर फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षे वयाच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याचे जाहीर झाले.

उपचारांच्या खर्चासाठी महाराष्ट्रात २०१२ पासून राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (२०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने) आणि देशपातळीवर सप्टेंबर २०१८ पासून प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारी योजना लागू आहे. या योजनांत रुग्णालयातील खर्चाचा भार हलका होतो. परंतु बुडालेली मजुरी, परगावी राहण्याचा खर्च व खंडित झालेले शिक्षण यांची भरपाई होत नाही. रुग्ण हाच घरातील मिळविता असल्यास अर्धवट सोडलेला उपचार हे मृत्यूचे कारण ठरते. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने निरनिराळ्या रुग्णालयांत एकसारखे उपचारक्रम रुजविण्याचा प्रयत्न चालविला आहे.

मूल्यमापन : तरुण रुग्णांची संख्या एकूण कर्करोग्यांच्या मानाने लहान असल्यामुळे त्यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करणे महागडे आहे, असा आक्षेप घेतला जातो. मात्र एका मृत्यूमागे वाया जाणारी आयुष्याची वर्षे मोजली, तर हे गणित बदलते. मागे राहणारी लहान मुले व वृद्ध आईवडील यांचा भार शेवटी समाजावरच पडतो. आतापर्यंतच्या अनुभवावरून असे दिसते, की लसीकरण व तंबाखूनियंत्रण यांसारखे संपूर्ण पिढीला लागू होणारे उपाय सर्वांत परिणामकारक असतात. मात्र त्यांचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसते आणि लोकांचा विश्वास एकदा ढळला, की तो परत मिळविण्यास तितकाच काळ लागतो. ज्या कर्करोगांचा प्रतिबंध शक्य नाही, त्यांच्या बाबतीत बालरोगतज्ञ व प्रौढांचे तज्ञ यांनी एकत्र बसून उपचारक्रम ठरविणे, ही फारसा खर्च नसलेली सुधारणा आहे. भारतासारख्या तरुण लोकसंख्येच्या देशात नोंदणी केंद्रांच्या अहवालांत या वयोगटाची आकडेवारी सातत्याने वेगळी मांडणे व उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचा पाठपुरावा करणे, या दोन गोष्टी पुढील सर्व नियोजनाचा पाया ठरतील.